पहिलीनंतरची दुसरी

शनिवार-रविवारी गणेशपुरीच्या रस्त्यावर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. नित्यानंदांच्या समाधीचं दर्शन, गरम पाण्याची कुंडं, परतताना वज्रेश्वरी, असा बहुतेकांचा ठरलेला बेत. पण देवळाचा रस्ता सोडून पाड्यांकडे वळलं की वेगळंच गाव सुरू होतं. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची घरं, भाताची खाचरं, आणि पावसाळा सरला की मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसं. भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात. पण तालुक्याचा हा पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, त्यामुळे सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव असतं. त्यात २०११ पासून महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांना दिल्या. म्हणजे काल दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणारी बाई आज गावची सरपंच होऊ शकते, आणि या भागात तशा बायका झाल्याही आहेत.

सत्तेच्या उतरंडीतली ही सगळ्यात खालची खुर्ची. सगळ्यात वरच्या खुर्चीवर २५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू बसल्या, आणि त्यांची सुरुवातही १९९७ मध्ये रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका म्हणूनच झाली होती. त्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. पहिल्या महिला राष्ट्रपती होण्याचा मान मात्र आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांचा. देशाची असो वा गावाची, बाई पहिल्यांदा प्रमुख झाली की लोकांत दोन बोलणी सुरू होतात. बायका म्हणतात, आता आपलं कुणीतरी ऐकेल. पुरुष (आणि पुष्कळ बायकासुद्धा) म्हणतात, सह्या हिच्या, कारभार दुसऱ्याचा. दोन्ही बोलणी तिच्याभोवतीच फिरतात. तिला मिळालेल्या खुर्चीत अधिकार किती, आणि तिच्यानंतर दुसरी बाई तिथे येईल का, हे विचारायचं मात्र राहून जातं. माझ्या मते खरी परीक्षा या दोन प्रश्नांत आहे.

प्रतिभाताईंचंच पाहू. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून १९८५ पर्यंत सलग निवडून आल्या. मंत्रिपदं, १९७९ मध्ये विधानसभेचं विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी, राजस्थानचं राज्यपालपद एवढं सगळं गाठीशी असलेली व्यक्ती. तरी २००७ मध्ये त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा पहिला आक्षेप काय होता, तर त्या गांधी घराण्याच्या निष्ठावंत म्हणून निवडल्या गेल्या. जळगावच्या महिला सहकारी बँकेचं प्रकरण निघालं, घुंगट आणि मोगलांविषयीच्या त्यांच्या विधानावर इतिहासकार तुटून पडले. यातले काही प्रश्न रास्तच होते, ते विचारायलाच हवे होते. पण राजस्थानच्या राज्यपाल असताना, २००६ मध्ये, विधानसभेने मंजूर केलेलं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवलं होतं. दिलं ते मुकाट्याने स्वीकारणारी बाई असं करत नाही. हे मात्र त्या चर्चेत फारसं कुणी बोललं नाही.

शेवटी त्या जिंकल्या. भैरोंसिंह शेखावतांच्या ३,३१,३०६ मतमूल्यासमोर प्रतिभाताईंचं ६,३८,११६. शिवसेना तेव्हा रालोआत होती, तरी मराठी व्यक्ती म्हणून तिने प्रतिभाताईंना मतं दिली. उमेदवार बाई आहे यापेक्षा ती मराठी आहे, हे कारण तिथे वजनदार ठरलं. निवडणुकीत बाईपण एकटं कधीच येत नाही. जात, भाषा, घराणं, पक्ष सोबत असतातच.

आता खुर्चीकडे येऊ. ४ जून २००९. नव्या लोकसभेनंतरचं संसदेच्या संयुक्त बैठकीतलं अभिभाषण. राष्ट्रपती उभ्या आहेत आणि शंभर दिवसांच्या कामांची यादी वाचत आहेत. त्यात महिला आरक्षण विधेयक लवकर मंजूर करण्याचं वचन आहे, पंचायतींत महिलांना पन्नास टक्के जागा देणाऱ्या घटनादुरुस्तीचंही आहे. देशाची पहिली महिला राष्ट्रपती देशाच्या संसदेत हे बोलते आहे, याहून मोठी आशा ती कोणती? पण अभिभाषण राष्ट्रपती लिहीत नाहीत. ते मंत्रिमंडळ लिहितं, राष्ट्रपती वाचतात. राज्यघटनेच्या ७४ व्या कलमानुसार त्यांना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, तोच पुन्हा आला की मान्य करावा लागतो. पुढे झालं असं, की महिला आरक्षण विधेयक ९ मार्च २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत कधी मतालाच आलं नाही. पंचायतींची घटनादुरुस्तीही लोकसभेबरोबर बारगळली. त्यासाठी प्रतिभाताईंना दोष देणं म्हणजे पोस्टमनने आणलेल्या पत्रातल्या मजकुराबद्दल त्यालाच जाब विचारणं. पंचायतीतला निम्मा वाटा आला तो महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला म्हणून. लोकसभा-विधानसभांसाठीची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली खरी, पण तीही पुढच्या जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली.

ज्या खुर्चीत अधिकार असतो तिथे काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. ऑगस्ट १९७३ मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्री झाल्या. मराठी माणसांच्या राजकारणात मुख्यमंत्रिपदावर बसलेली ही पहिली स्त्री. शंका ठरलेलीच होती: भाऊंची मुलगी म्हणून मिळालं. पण त्यांच्याच कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा झाला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला त्या घरातून हुसकता येणार नाही अशी व्यवस्था. त्यांच्याच काळात कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली. भाटकारशाहीच्या मुळाशी हात घालणारे हे निर्णय होते आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या दीर्घकाळ चालल्या. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत अधिकार होता, तो शशिकलाताईंनी वापरला. मग १९७७ च्या निवडणुकीत तीस जणांच्या सभागृहात त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला जेमतेम पंधरा जागा मिळाल्या आणि एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षातल्याच आमदारांनी साथ सोडल्यावर सरकार गेलं. त्यानंतर आजतागायत गोव्यात दुसरी महिला मुख्यमंत्री झालेली नाही. महाराष्ट्रात तर १९६० पासून पहिलीच व्हायची आहे. २०२४ मध्ये २८८ जणांच्या विधानसभेत २१ महिला निवडून आल्या. एवढ्यांतून मुख्यमंत्रिपदाच्या दावेदार त्या किती उभ्या राहणार?

इंदिराबाईंची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९६६ मध्ये मोरारजींविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी त्या संसदीय पक्षाच्या नेत्या झाल्या. आपलं ऐकेल या हिशेबाने ज्येष्ठांनी त्यांना पुढे केलं होतं. लोहियांनी ‘गूंगी गुडिया’ म्हटलं. चार वर्षांच्या आत त्याच ज्येष्ठांनी त्यांना पक्षातून काढलं, पक्ष फुटला, पण सत्ता इंदिराबाईंकडेच राहिली, आणि पुढे आणीबाणीही त्यांनीच आणली. बाई आली की कारभार आपोआप मायाळू होईल, ही आशाही तितकीच तपासून घ्यावी लागते.

परत गणेशपुरीच्या पट्ट्यात येऊ. ठाणे जिल्ह्याला बाईच्या नेतृत्वाचं नावीन्य नसावं. १९४५ मध्ये, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा गोदूताई परुळेकर त्यांच्या पुढे होत्या. गणेशपुरीतल्याच गुरुदेव सिद्धपीठात मुक्तानंदांनी १९८२ मध्ये बहीण-भावाला वारस नेमलं, आणि १९८५ नंतर गुरुमाई चिद्विलासानंदा एकट्याच त्या परंपरेच्या प्रमुख राहिल्या. बाईच्या शब्दाला मान देणं या मातीत लोकांना जमतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मात्र तेच अवघड होऊन बसतं.

का, ते खुर्चीच्या बांधणीत दिसतं. सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या दोघांच्या सहीने बँकेतून पैसे निघतात. ग्रामसेवक शिकलेला, नियम पाठ असलेला, बहुधा बाहेरगावचा. सरपंचबाई नवी, पाड्यावरची, जीआरची भाषा तिच्या कानावर कधी न पडलेली. मासिक सभेचं इतिवृत्त तो लिहितो, ती सही करते. मधल्या जागेत नवरा, दीर, नाहीतर गावातला पुढारी शिरतो. सरपंचपती तयार होतो तो इथे. आणि तरीही हातात काहीच नाही असं नाही. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पाणी आधी की सभामंडप आधी, हे या दोन सभांत ठरू शकतं. ज्या पंचायतीत महिला सभेचं इतिवृत्त खरोखर सभा घेऊन लिहिलं जातं, तिथली सरपंच एकटी पडत नाही, कारण तिच्या मागे बायकांचा ठराव असतो. जिथे ते कार्यालयात बसून उरकलं जातं, तिथे ती पहिल्याच खडाजंगीत एकटी पडते.

एकट्या पडलेल्या सरपंचाचं काय होतं, हे प्रतिभाताईंच्याच जळगाव जिल्ह्यात दिसलं. विचखेडे गावच्या महिला सरपंचाविरुद्ध गावकऱ्यांनी तक्रार केली: ही सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहते. तिचं म्हणणं, मी त्या घरात राहतच नाही, नवरा-मुलांसह वेगळी भाड्याने राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी तिला अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर तिचा अर्ज फेटाळला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं. आपली सरपंच बाई आहे आणि तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हेच गावाला पचलं नसावं, असं न्यायमूर्तींनी नोंदवलं. निवडून आलेल्या बाईला काढताना अधिकारी किती सहज कलम चालवतात यावरही त्यांनी बोट ठेवलं. महिला सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव सहज मंजूर होऊ नये म्हणून आपल्या कायद्यात तीन-चतुर्थांश बहुमताची अट घातली आहे. ते दार बंद झालं की अपात्रतेची खिडकी शोधली जाते. दिल्लीपर्यंत जाण्याचं बळ किती सरपंचबायकांकडे असेल?

लोकांना ‘पहिली’ इतकी का खुपते, याचा मुळापासून शोध पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात घेतला गेला. तिथे प्रधानपद कोणत्या ग्रामपंचायतीत बाईला जाणार हे विशिष्ट नियमाने, कुणाच्या मर्जीशिवाय ठरतं. त्यामुळे तुलना चोख करता आली. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी, रोहिणी पांडे आणि इतर सहकाऱ्यांसह, गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. मजकूर एकच, कुणाला तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला, कुणाला बाईच्या. जिथे बाई कधी प्रमुख झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी त्याच भाषणाला बाईच्या आवाजात कमी गुण दिले. जिथे गावाने बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा भेदभाव ओसरला होता. खऱ्याखुऱ्या प्रधानांबद्दल विचारलं तेव्हा पहिल्या महिला प्रधानाला लोकांनी पुरुषांहून कमी ठरवलं, दुसऱ्या खेपेला आलेल्या बाईच्या वेळी तो फरक राहिला नाही. सलग दोनदा बाई प्रमुख झालेल्या गावांत नंतर खुल्या जागेवरही बायका जास्त संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्या गावांत शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत मिटली, मुलींच्या वाट्याचं घरकाम कमी झालं.

म्हणजे पहिली बाई शिव्या खाते आणि तिच्या कष्टाचं फळ दुसरीला मिळतं. आपली पद्धत मात्र अशी की दुसरी येऊच नये. महिला आरक्षण दर पाच वर्षांनी फिरतं. तहसील कार्यालयात चिठ्ठ्यांची सोडत निघते, आणि गाव जेमतेम बाईच्या कारभाराला सरावतंय तोवर जागा पुन्हा पुरुषांना खुली होते. तमिळनाडूने हे फिरतं चक्र दहा वर्षांचं केलं, म्हणजे एका गावात सलग दोन खेपा बाईच्या. महाराष्ट्राने हे का करू नये? निम्म्या जागा आपण आधीच दिल्या आहेत. त्यासाठी वाढीव पैसा लागत नाही, नवी पदं लागत नाहीत. फक्त सोडतीच्या नियमात बदल लागतो.

तोवर गणेशपुरीसारख्या ठिकाणी प्रश्न अगदी साधा आहे. सोडतीत जागा महिलांची राहिली नाही, नुसती अनुसूचित जमातीची झाली, तर मागच्या खेपेची सरपंच पुन्हा अर्ज भरेल का? कायद्याची आडकाठी नाही. पण जात पडताळणीचे कागद, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला आणि अनामत रक्कम हे सगळं पुन्हा उभं करायचं, पुन्हा तालुक्याला खेपा घालायच्या, आणि या वेळी समोर गावातलाच तगडा पुरुष उमेदवार, त्याच्या पाठीशी भावकी. पक्षांनी अशा एखाद्या माजी सरपंचबाईला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं, तेही खुल्या जागेवरून, तर पाड्यावरच्या मुलींना पुढची पायरी कुठे आहे ते दिसेल.