ऊसतोडीच्या कोयत्याचे पाते पातळ करून घेणे

कोयता पाजवून आणला, धारही चांगली आली, परंतु उसात तो बसत नाही, अशी तक्रार गळीत हंगामात नेहमी ऐकू येते. तोडणारा मग कानशीचे आणखी चार हात मारतो. थोडा वेळ काम बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे. या तक्रारीचे मूळ बहुधा धारेत नसून धारेच्या मागे, पात्याच्या जाडीत असते. आणि ती जाडी कमी केल्याखेरीज कितीही पाजवले तरी दोष जात नाही.

कोयता म्हणजे एक पाचरच होय. धार उसाची कठीण साल चिरते, पण त्या चिरेतून मागचे सर्व पाते पुढे जावे लागते. पाते जाड असेल तर ते कांडीला दोन्ही बाजूंना रेटते, घाव अर्ध्यात अडकतो किंवा कांडी उभी चिरते. लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीला जाड पाचर हवी असते, कारण तेथे फोडणे हाच हेतू असतो. उसाची कांडी कापावयाची असते, फोडावयाची नसते.

हा फरक मोजूनही दाखविता येतो. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी प्रत्येकी साडेबावीस अंशांचा धरला आणि धारेमागील पाते ३ मिलिमीटर जाड असले, तर उताराची पट्टी सुमारे साडेतीन मिलिमीटर रुंद होते. तेच पाते धारेमागे १ मिलिमीटरपर्यंत पातळ केले, तर त्याच उताराची पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटर राहते. धारेचा कोन दोन्ही ठिकाणी एकच आहे. परंतु दुसऱ्या कोयत्याला कांडीतून जाताना पहिल्याच्या एकतृतीयांश जाडीपुरतीच वाट करावी लागते.

कोयता जाड होतो तो वापरानेच. पाते पाठीकडून धारेकडे निमुळते होत गेलेले असते. रोजच्या पाजवण्याने धार झिजून पाठीकडे सरकते आणि दर वेळी अधिक जाड भागात जाऊन बसते. बाजारातील नवा कोयताही पुष्कळदा धारेमागे जाडच मिळतो. घासण्याचे श्रम वाचतात आणि पात्याला दाते पडल्याची तक्रारही परत येत नाही, यात घडविणाऱ्याची सोय असते.

याचा परिणाम तोडणाऱ्याच्या मनगटापुरता राहत नाही. ऊस बुडाशी अधिक कठीण असतो आणि पक्व उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखरही अधिक असते. कोयता अडू लागला की वाकून दोन-तीन घाव घालण्यापेक्षा हात आपोआप चार बोटे वर जातो. उरलेल्या बुडख्याबरोबर साखरेचा उत्तम भाग शेतात राहतो, आणि बुडख्यावरील वरचे डोळे फुटून खोडव्याला जमिनीत नीट मुळे न धरणारे अशक्त कोंब येतात. ते टाळण्यासाठी बुडखे पुन्हा जमिनीलगत छाटावे लागतात, म्हणजे एकाच कामाची मजुरी दोनदा. चिरलेला बुडखा वाळतो किंवा कुजतो व खोडव्यात नांग्या पडतात, हे नुकसान वेगळेच. आपल्याकडे तोडणीला आलेल्या नवराबायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात, आणि त्या जोडीची मजुरी टनावर ठरते. अडणारे पाते त्यांच्या दिवसाच्या कमाईतूनच वजा होते.

पाते पातळ करून घेण्याचे काम हंगामापूर्वी, तोडणारे गावीच असताना व्हावे. खंडेनवमीला अवजारे पुजली जातात. त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस यास योग्य. कारखान्याच्या तळावर गेल्यावर लोहारापुढे रांग असते आणि घाईत केवळ धार लावून मिळते. बीड, अहिल्यानगर, जालना यांसारख्या जिल्ह्यांत, जेथून तोडणी मजूर मोठ्या संख्येने बाहेर पडतात, तेथील गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकडे लक्ष द्यावे.

प्रथम कोयता मुठीपासून टोकापर्यंत पुसून पाहावा. केसासारखी बारीक चीर दिसल्यास तो कोयता घासण्यात अर्थ नाही. मूठ ढिली असल्यास आधी ती बसवावी. मग धारेपासून सुमारे एका अंगठ्याच्या रुंदीवर, म्हणजे २ सेंटिमीटरवर, खडूने रेघ ओढून लोहारास दाखवावी. या रेघेपासून धारेकडे दोन्ही बाजू सारख्या उतरत्या घासून धारेमागील जाडी १ मिलिमीटरच्या आसपास आणावयाची, एवढेच सांगणे पुरे. टोकाकडील पाच सेंटिमीटर भाग मात्र थोडा जाड ठेवावा, कारण जमिनीलगतच्या घावात माती व खडे लागतात ते तेथे. मुरमाड रानात काम करणाऱ्याने सबंध पातेच किंचित जाड ठेवले तरी चालेल. फार पातळ धारेला खड्यावर दाते पडतात. ज्या कोयत्याला एकाच बाजूने धार असते, त्याची सपाट बाजू घासू नये.

लोहारास दुसरी गोष्ट निक्षून सांगावी ती ही, की पाते भट्टीत घालू नये. तापवून ठोकले तर पाते लवकर पातळ होते हे खरे. पण धारेला दिलेले पाणी त्यात उतरते आणि ते पुन्हा द्यावे लागते. पुष्कळ कोयते मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून घडविलेले असतात. या जातीचे पोलाद लाल असता पाण्यात बुडविले तर त्याला चीर जाण्याचा संभव असतो. ते तेलात थंड करणे बरे. ही कटकट टाळावयाची तर थंड पात्यावर कानशीने, कुरुंदाच्या चाकावर किंवा विजेच्या ग्राइंडरवर काम करावे.

ग्राइंडरने काम लवकर होते आणि पाते बिघडतेही लवकर. पातळ धार क्षणात तापते. तापताना पोलादावर प्रथम पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. धारेवर निळा पट्टा दिसला की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार पहिल्याच दिवशी मुडपते. रंग घासून काढल्याने गेलेला कठीणपणा परत येत नाही, तेवढा भागच काढून टाकावा लागतो. म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवून, पाते हाताला सोसवेनासे होण्यापूर्वी वारंवार बुडवावे. पाते शिकंजात घट्ट धरावे, ग्राइंडरवरील संरक्षक पत्रा काढू नये, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पदर, मफलर यांसारखे सैल वस्त्र जवळ येऊ देऊ नये.

पाते पातळ झाल्यावर धारेचा उतार शेवटी द्यावा. त्याचा कोन पाहण्यासाठी उपकरण नको. कागदाचा काटकोनी कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंश होतात, तो पुन्हा दुमडला की साडेबावीस. ही घडी पात्याला लावून कानस त्याच कलाने धरावी. मग ओल्या निसण्यावर दोन्ही बाजू आळीपाळीने घासून धारेच्या कडेला वळलेली लोखंडाची कोर काढून टाकावी. ती तशीच ठेवली तर पहिल्या काही घावांतच मोडते आणि धार गेली असे वाटते.

अंगठ्यावर धार पाहण्याची सवय धोक्याची आहे आणि तिच्यावरून जाडीचा दोष कळतही नाही. परीक्षा उसावरच घ्यावी. जमिनीलगत तिरपा, किंचित ओढता घाव घालून बुडखा पाहावा; काप गुळगुळीत आणि बुडखा अखंड असला तर काम ठीक झाले. धागे लोंबत असले तर धार कमी आहे, आणि धार असूनही बुडखा उभा चिरला तर पाते अजून जाड आहे.

हंगामात रोज निसण्याचे थोडे हात दिले तरी धार टिकते. कानस दाते पडल्यावरच लावावी. उताराची चकचकीत पट्टी अधूनमधून मोजावी. ती अडीच मिलिमीटरच्या पुढे गेली म्हणजे धारेमागील जाडी २ मिलिमीटरच्या वर गेली असे धरून कोयता पुन्हा पातळ करण्यास द्यावा.