पाठ टेकली म्हणजे हरला का?

कुस्तीत मुरलेल्या माणसाला एमएमएची, म्हणजे मिश्र युद्धकलेची, लढत दाखवली की थोड्याच वेळात तो हमखास विचारतो, ‘अहो, याची पाठ केव्हाच टेकली, मग पंच लढत का थांबवत नाहीत?’ गेली वीसेक वर्षे मी हा खेळ नेटाने पाहतो आहे. जुन्या लढती शोधतो, पुन्हा पुन्हा पाहतो, नियमपत्रके वाचतो. मी कुठल्या तालमीत घडलो नाही, की या विषयाचा कुठला अभ्यासक्रम केला नाही. तरीही माझे ठाम मत आहे की, हा खेळ समजून घ्यायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. ठोसे आणि लाथा कोणालाही दिसतात. जमिनीवर काय चालले आहे ते मात्र पाठीविषयीची आपली समजूत बाजूला ठेवल्याशिवाय कळत नाही.

मातीतला निकाल

आपल्याकडे दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती चितपट. त्यानंतर वाद नाही. माझ्या मते यामागे जुना, व्यवहारी विचार आहे : उताणा पडलेला माणूस हतबल, वरच्याने ठरवले तर त्याचा जीवही घेता येईल. म्हणून तिथेच थांबायचे. हा नियम सुटसुटीत आहे, माणुसकीचाही आहे. पण तो शेवटी एक करार आहे, आणि कराराला पळवाटही असते.

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश मैदानात गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को वजनाने गामापेक्षा बराच भारी. गामाने त्याला लगेच खाली घेतले आणि तिथून झिबिस्को उठलाच नाही. अडीच तासांहून अधिक काळ तो बहुतांशी जमिनीला चिकटून राहिला. नियम पाठीचा होता, म्हणून त्याने पाठ लपवली. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, पण झिबिस्को आलाच नाही आणि विजय गामाला मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला.

या कुस्तीतून मी एक गोष्ट घेतो. पैलवान नियमाला धरून लढतो, आणि ज्याला नियम ‘हार’ म्हणतो ते टाळण्यातच त्याची निम्मी ताकद जाते.

पाठीवरचे शास्त्र

आता दुसरी परंपरा पाहू. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याची विद्या ग्रेसी कुटुंबाकडे गेली. त्या घरातला एलियो ग्रेसी अंगाने किरकोळ. भारी माणूस आपल्याला खाली पाडणारच, हे त्याने गृहीत धरले आणि खाली पडल्यावर काय करायचे यावर भर दिला. पाठीवर पडून वरच्याच्या कमरेला पायांनी वेढा घालायचा, या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. वरच्याला वाटते कब्जा आपला आहे. प्रत्यक्षात खालच्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला मोकळे असतात.

तिथून दोन मुख्य डाव निघतात. पहिला त्रिकोणाचा. वरच्याची मान आणि त्याचा एक हात आपल्या दोन पायांच्या त्रिकोणात अडकवायचा. मानेच्या एका बाजूला आपली मांडी दाबते, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचाच खांदा. मेंदूकडे जाणारे रक्त अडते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. दुसरा डाव हाताचा. वरच्याचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरून कोपर आपल्या कमरेवर उलटे ताणायचे. यावर शक्तीचा उपाय नाही. हाताने दोन-तीनदा थोपटून शरण जायचे, नाहीतर कोपर गमवायचे.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात एलियोसमोर जपानचा मासाहिको किमुरा उभा होता. ठरलेल्या नियमांत पाडणे आणि दाबून धरणे मोजायचे नव्हते. शरणागती हाच निकाल. किमुराने एलियोला पुन्हा पुन्हा आपटले. जुदोच्या नियमांत ती लढत पहिल्याच स्वच्छ फेकीला संपली असती. इथे ती दुसऱ्या फेरीपर्यंत चालली. किमुराने एलियोचा हात पाठीमागे पिळला, हात मोडला, तरी एलियो शरण जाईना. अखेर भाऊ कार्लोसने लढत थांबवली. त्या पकडीला आज ‘किमुरा’ म्हणतात. हरवणाऱ्याचे नाव आपल्या विद्येत जपणाऱ्या या घराण्याविषयी मला आदर आहे.

डेन्व्हर ते टोकियो

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. चावणे आणि डोळ्यात बोटे घालणे तेवढे वर्ज्य. सुमो, बॉक्सिंग, कराटे अशा वेगवेगळ्या विद्यांचे लोक आले होते. एलियोचा मुलगा रॉयस, वजन सुमारे ८० किलो, एका रात्रीत तिघांना शरण आणून जिंकला. स्पर्धा उभी करणाऱ्यांत त्याचा थोरला भाऊ रोरियन होता. म्हणजे अंगण घरचेच होते, हे चाहत्यांनी विसरू नये. तरीही त्या रात्री जमिनीवरची विद्या बहुतेकांना ठाऊकच नव्हती, हे सिद्ध झाले.

या विद्येलाही उत्तर मिळाले, आणि ते एका कुस्तीगिराने दिले. जपानच्या काझुशी साकुराबाने नोव्हेंबर १९९९ मध्ये रॉयलर ग्रेसीला हरवले. रॉयलर पाठीवर पडून त्याला खाली बोलवायचा. साकुराबा खाली जाईचना, उभ्यानेच पायांवर लाथा मारत राहायचा. शेवटी त्याने किमुरा पकडच लावली. रॉयलर शरण गेला नव्हता, पण पंचांनी लढत थांबवली. ग्रेसींना ते रुचले नाही. म्हणून १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये रॉयसशी लढताना त्यांनी आपले नियम मान्य करून घेतले : पंधरा मिनिटांच्या हव्या तितक्या फेऱ्या, गुणांवर निकाल नाही, पंचांनी मध्येच थांबवायचे नाही. सहा फेऱ्या, नव्वद मिनिटे झाली. लाथांनी रॉयसचे पाय निकामी झाले आणि त्याच्याच कोपऱ्यातून टॉवेल आत आला. पाठीवर पडणे हा डाव आहे, पण वरचा खाली यायला तयार असेल तरच.

गुण कोणाला?

२००१ पासून अमेरिकेत एकसमान नियम रुळत गेले. पाच मिनिटांची फेरी, साध्या लढतीला तीन, किताबाच्या लढतीला पाच. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. आता पुन्हा तोच प्रश्न : एकजण वर, दुसरा पाठीवर; फेरी कोणाची? कितीतरी वर्षे पंचांचा कल वरच्याकडे राहिला. थोडक्यात, चितपटीचा संस्कार तिथेही होताच.

कुस्तीच्या चाहत्याला एकच लढत दाखवायची असेल तर मी ७ ऑगस्ट २०१० ची दाखवीन. ओकलंडमध्ये विजेता अँडरसन सिल्वा आणि कुस्तीतून आलेला चेल सॉनेन. चार फेऱ्या सॉनेनने सिल्वाला पाडून, वर बसून ठोसे लगावले. त्या चारही फेऱ्या त्याच्याच होत्या, यात मला शंका नाही. पाचव्यातही सिल्वा पाठीवरच होता. लढत संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा त्याचे पाय सॉनेनच्या मानेभोवती आले, त्रिकोण बसला, हात ताणला गेला आणि सॉनेनने थोपटले. लढतीनंतरच्या चाचणीत सॉनेनच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन प्रमाणाबाहेर आढळले आणि त्याच्यावर बंदी आली, हा डाग त्या लढतीवर आहेच. पण शिकवण म्हणून तिला तोड नाही.

काहीजण म्हणतात, सिल्वा नशिबाने वाचला. मला ते पटत नाही. चार फेऱ्या मार खाऊन पाय योग्य वेळी योग्य जागी नेणे हे नशीब नव्हे. मात्र तीच लढत दोन मिनिटे आधी संपली असती तर सॉनेनचा विजय तितकाच न्याय्य ठरला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२०१६ मध्ये गुणांचे निकष नव्याने मांडले गेले. नुसते पाडणे हा जागेचा बदल. पाडून पुढे हल्ला झाला तर त्याची किंमत. वरचा असो वा खालचा, ज्याच्या कृतीचा परिणाम जास्त, फेरी त्याची. कागदावर पाठीवरचा कलंक पुसला गेला. पंचांच्या नजरेतून तो पुरता गेला आहे, असे मात्र मला वाटत नाही.

आपल्या पैलवानांसाठी

हे सारे आपल्याला का हवे? कारण आपली मुले-मुली आता या खेळात उतरत आहेत. हरियाणाची कुस्तीगीर ऋतू फोगाट ३ डिसेंबर २०२१ रोजी सिंगापूरला वन चॅम्पियनशिपच्या स्पर्धेची अंतिम लढत खेळली. समोर मुए थाईतून आलेली थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. ऋतूने तिला खाली नेले. कुस्तीत तेवढ्याने पारडे झुकले असते. पण स्टॅम्पने पाठीवरूनच पायांचा वेढा घातला आणि दुसऱ्या फेरीत हात ताणून ऋतूला शरण आणले. जमिनीवर कुस्तीगीर हरली आणि लाथाबुक्क्यांची खेळाडू जिंकली.

पट काढणे, कब्जा घेणे, दम टिकवणे हे आपल्या तालमीचे धन एमएमएमध्ये सोन्याच्या मोलाचे आहे. धोका एकाच क्षणी आहे : समोरच्याची पाठ लागल्यावर. तिथे ‘झाली कुस्ती’ म्हणून अंग सैल सोडायची वर्षानुवर्षांची सवय असते, आणि दोन पाय नेमकी त्याच क्षणाची वाट पाहत असतात. तालमीतून या खेळाकडे जाणाऱ्याने ठोसे शिकण्याआधी त्रिकोणातून मान सोडवायला शिकावे, असे माझे सांगणे आहे.

दागिस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह लहानपणापासून कुस्तीत वाढलेला. २४ ऑक्टोबर २०२० रोजी अबुधाबीत, कारकिर्दीतल्या शेवटच्या लढतीत, तो जस्टिन गेथजीच्या छातीवर बसला होता. तिथून तो आपणहून बाजूला कलंडला, स्वतःची पाठ जमिनीला टेकवली आणि खालून त्रिकोण आवळून जिंकला. २९ लढती, २९ विजय. त्यातला शेवटचा या अस्सल कुस्तीगिराने पाठीवर पडून मिळवला.