रॉकेल म्हणजेच पाणी

वितळवण्याचं काम किती मोठं असतं, हे भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. 4 फेब्रुवारी 1959 ला इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून शेजारी लोखंडाचा रस वाहतोय. तरीही पुढचा आकडा इथल्या माणसालाच सगळ्यात जास्त खटकेल. 1,538 अंशांना, ऐन वितळायच्या टोकावर आलेल्या किलोभर लोखंडाचा रस करायला सुमारे 247 किलोजूल उष्णता लागते. शून्य अंशावरच्या किलोभर बर्फाचं पाणी करायला लागते 334! लोखंडाचा खरा खर्च तिथवर तापवण्यात होतो, हे कबूल; पण त्या शेवटच्या पायरीवर बर्फ जास्त चिवट.

हिमालयात, दहा-दहा दिवस वस्ती लागत नाही अशा वाटेला निघालात की हा आकडा पाठीवर बसतो. यादी करताना तंबू, बूट, स्लीपिंग बॅग यांवर तासभर वाद रंगतो आणि इंधनाचं कुणाला तरी उठता उठता आठवतं. माझ्या मते यादी तिथूनच सुरू व्हावी. बर्फात मुक्काम असला की ना नळ, ना झरा; रॉकेल संपलं की पाणी संपलं.

हिशेब करून बघा. उणे 10 अंशांचा किलोभर बर्फ शून्यावर आणायला 21 किलोजूल, वितळवायला 334. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, 5,364 मीटरवर, पाणी 82-83 अंशांनाच उकळतं. तिथवर न्यायला आणखी साधारण 345. एकूण झाले 700. त्यातली जवळजवळ निम्मी उष्णता पातेल्याखाली जळत राहते आणि थर्मामीटर शून्यावरून हलत नाही! किलोभर रॉकेलमधून सुमारे 43,000 किलोजूल मिळतात. निम्मे वाऱ्यावर गेले असं धरलं, तर लिटरमागे 33 ग्रॅम रॉकेल. माणशी रोज 4 लिटर, चौघं, दहा दिवस: सव्वापाच किलो. स्वयंपाक वेगळा.

2012 च्या मे महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे 8 जण एव्हरेस्टवर पोहोचले. त्या वाटेवरच्या साउथ कोलला, 7,900 मीटरवर, चहाचा घोटसुद्धा असाच बर्फातून काढावा लागतो.

वजन वाचवायच्या युक्त्या साध्या आहेत. झाकण हवंच, वाऱ्याला आडोसाही हवा. पातेल्यात आधी कपभर पाणी घालायचं आणि मग बर्फ. नाहीतर भुसभुशीत बर्फ वितळलेलं पाणी स्पंजसारखं वर ओढून घेतो, तळ कोरडा पडतो आणि चहाला करपट वास येतो. ऊन असेल तर काळ्या प्लास्टिकवर बर्फ पातळ पसरायचा, सूर्य फुकटात काम करतो. कुकर नसेल तर तूरडाळ घरीच राहू द्या, 82 अंशांना ती शिजता शिजत नाही. सातू, पोहे, शेंगदाण्याची चिक्की बरी.

गॅसचा डबा सुटसुटीत खरा, पण आत नुसता ब्युटेन असेल तर थंडीत दगा देतो: समुद्रसपाटीला तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याहून गार झाला की वाफच धरत नाही. डबा भरलेला, शेगडी विझलेली! म्हणून थंडीसाठीच्या डब्यांत प्रोपेन मिसळतात; तो उणे 42 ला उकळतो.

आणि हे इंधन शेजारच्या दुर्ग स्टेशनवरून नेता येत नाही. रॉकेल असो वा गॅस, रेल्वेत बंदी आहे, विमानातही. स्टोव्ह आणि कोरडी बाटली घेऊन निघायचं, इंधन पायथ्याच्या शेवटच्या बाजारात भरायचं. तिथे रॉकेल मिळतं की गॅसचे डबे, हे आधी फोन करून विचारा आणि स्टोव्ह त्यानंतरच विकत घ्या.