पाच येनचा देव

धनत्रयोदशीच्या सायंकाळी घरोघरी ज्या कुबेराचे स्मरण होते, तो विश्रवा ऋषींचा पुत्र. म्हणून त्यास वैश्रवण असेही म्हणतात. हे नाव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेले आणि तेथे त्याचे ‘बिशामोन’ झाले. आपला कुबेर उत्तर दिशेचा दिक्पाल, तसा बिशामोनही उत्तरेचाच रक्षक. क्योतोच्या उत्तरेस कुरामा पर्वतावरील मंदिरात या बिशामोनाच्या प्राचीन मूर्तीसोबत ‘किचिजोतेन’ नावाच्या देवीची मूर्ती आहे. ही देवी म्हणजे आपली श्रीलक्ष्मीच होय.

या बिशामोनाची गाठ एखाद्या विनोदी चित्रमालिकेत पडेल, अशी कल्पना सहसा कोणी करणार नाही. परंतु ‘नोरागामी’ या जपानी मालिकेत तो भेटतो. आणि तेथे तो ‘तो’ नसून ‘ती’ आहे, सिंहावर आरूढ झालेली, शस्त्रधारी, करारी देवी! आदाचितोका या संयुक्त टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकारद्वयाची ही चित्रकथा २०१० च्या अखेरीस एका मासिकातून सुरू झाली आणि २०२४ च्या जानेवारीत संपली. तिच्यावरून ‘बोन्स’ या संस्थेने २०१४ आणि २०१५ मध्ये मालिकेची दोन पर्वे काढली.

‘नोरा’ म्हणजे मोकाट, बेवारशी; ‘गामी’ म्हणजे देव. बेवारशी देव! याचे नाव यातो. याला देऊळ नाही, पुजारी नाही, उत्सव नाही. अंगात खेळाडूंचा सदरा, गळ्यात रुमाल. भिंतींवर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवायचा आणि जो कोणी बोलावील त्याचे काम करावयास धावायचे, हा याचा व्यवसाय. काम कोणतेही असो, हरवलेले मांजर शोधणे असो की न्हाणीघर घासणे, मोबदला ठरलेला : पाच येन. ही नाणी बाटलीत साठवून एके दिवशी आपले भव्य देऊळ बांधण्याची स्वप्ने हा देव पाहत असतो.

पाचच येन का, हे सांगावयास हवे. जपानी भाषेत पाच येनला ‘गो-एन’ म्हणतात आणि तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ होतो ऋणानुबंध. म्हणून देवळातील दानपेटीत मध्ये भोक असलेले हे पितळी नाणे टाकण्याची तेथे रीत आहे. नाणे क्षुद्र, परंतु देव आणि माणूस यांच्यातील नाते त्या नाण्यात ओवलेले. यातो लोकांकडे हात पसरतो तेव्हा तो मजुरी मागत असतो की हे नाते, याचा उलगडा मालिका सावकाश करते.

न्हाणीघर घासणारा देव पाहून भाविक मनाला प्रथम संकोच वाटेल, नाही असे नाही. परंतु महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित थोडीच आहे? पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी साक्षात भगवंत श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहत राहिला. नाथषष्ठीला आजही तेथील रांजण भरला जातो. जनाबाईबरोबर पांडुरंग दळावयास बसला. दामाजीपंतांचे देणे फेडण्यासाठी तोच बेदरला गेला. मात्र एक भेद आहे. आपला देव भक्ताच्या प्रेमास्तव राबला. त्याला स्वतःची उणीव नव्हती. यातोला आहे. देव भावाचा भुकेला, असे आपण म्हणतो. या बेवारशी देवाची भूक मात्र अक्षरशः जीवनमरणाची आहे.

कारण या कथेत देवांनाही मृत्यू आहे. ज्या देवाचे भक्त असंख्य, तो मेला तरी बालरूपाने पुन्हा जन्म घेतो. ज्याची आठवण कोणालाच नाही, तो गेला की गेला. थट्टामस्करी चालू असता ही गोष्ट मध्येच कानी पडते आणि पाहणारा चपापतो. शेताच्या बांधावरचा म्हसोबा, दोन पिढ्यांपूर्वी घर सोडून शहरात आलेल्या कुटुंबाचे गावाकडील कुलदैवत, यांच्यापुढे दिवा लावणारे एखादेच घर उरलेले असते. आपल्या श्रद्धेप्रमाणे ईश्वर विस्मृतीने मरत नाही. पण अंधारलेल्या गाभाऱ्याचे दुःख आपल्यालाही ठाऊक आहे.

इतर पात्रेही अशीच गमतीची. विद्येचा देव तेन्जिन हा मुळात सुगावारा नो मिचिझाने नावाचा विद्वान मंत्री. दरबारी कारस्थानामुळे त्यास ९०१ साली दूर दाझाइफू येथे पाठविण्यात आले आणि ९०३ साली तेथेच त्याचा अंत झाला. पुढे राजधानीवर संकटे कोसळली. ती त्याच्याच कोपाने, असे मानून लोकांनी त्याचे देऊळ उभारले. आज जपानी विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्याच्याच पायरीशी जातात.

आणि कोफुकू! ही दारिद्र्याची देवता. गुलाबी कुरळ्या केसांची, हसतमुख, लाघवी. पण खऱ्या नावाने तिला दार कोण उघडणार? म्हणून ती एबिसू या भाग्यदेवतेचे नाव लावून हिंडते. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर घालविणाऱ्या आपल्या घरांना ही बाई पाहून हसू आल्यावाचून राहणार नाही. हाकललेली अक्काबाई पुढे कोठे जात असेल, हा प्रश्न आपण कधी केला नाही. मालिकेने तो केला आहे आणि तिला एक घरही दिले आहे.

या हास्यविनोदाच्या पोटात एक करुण कथा आहे. देव येथे मृतात्म्यांना नाव देऊन आपली आयुधे करतात. युकिने हा अकाली मेलेला मुलगा यातोची तलवार होतो. जिवंत मुलांचा हेवा वाटून तो चोरी करतो, शाळेच्या काचा फोडतो. आणि त्याच्या प्रत्येक पापाची वेदना उमटते ती धन्याच्या देहावर. यातो मरणाच्या दारी पोहोचतो, तरी दिलेले नाव मागे घेत नाही. अखेर तो मुलगा ओक्साबोक्शी रडत एकेक अपराध कबूल करतो आणि देवाच्या अंगावरचे डाग ओसरू लागतात. देवादिकांवरील चित्रमालिकांत इतका उत्कट प्रसंग क्वचितच आढळेल. मालिकेत मारामारी व काही थिल्लर विनोद आहेत. लहान मुलांना ती दाखविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी पाहून घ्यावी, हे बरे.

हियोरी ही शाळकरी मुलगी यातोची पहिली खरी भक्त. मोटारीखाली सापडणाऱ्या यातोला वाचविताना तिचा जीव देहातून निसटू लागतो आणि तो दोष दूर करण्यासाठी तीही त्याला पाच येन देते. ते काम काही लवकर होत नाही. परंतु दुसऱ्या पर्वात ती त्याच्यासाठी स्वतःच्या हातांनी एक देऊळ करून आणते. हातात मावेल एवढे, आपल्या देवघराहूनही लहान. भव्य देवळाची स्वप्ने पाहणारा तो देव ते हातात घेतो आणि रडू लागतो.