सेंट अँथनीचा धबधबा आणि मिनियापोलिस : १८३८ ते १८८०

मिसिसिपीच्या संपूर्ण प्रवाहात मोठा नैसर्गिक धबधबा एकच, सेंट अँथनीचा. डकोटा लोक तो पवित्र मानत. हेनेपिन या धर्मगुरूने १६८० मध्ये त्याला संताचे नाव दिले. १८२० नंतर फोर्ट स्नेलिंगच्या सैनिकांनी पश्चिम काठावर लाकूड कापण्याची व पीठ दळण्याची गिरणी बांधली. मात्र तो काठ लष्करासाठी राखीव असल्याने तिथे गाव वसले नाही.

१८३७ च्या करारांनी पूर्वेकडची जमीन डकोटा व ओजिब्वे यांच्या हातून गेली आणि पुढच्याच वर्षी फ्रँकलिन स्टीलने धबधब्याशेजारची मोक्याची जागा अडवली. भांडवल जमवून लाकडाची गिरणी सुरू व्हायला १८४८ उजाडले. उत्तरेच्या जंगलातले पाइनचे ओंडके नदीच वाहून आणी. १८४९ मध्ये सेंट अँथनी गावाची आखणी झाली. पलीकडे जॉन स्टीव्हन्सने होडी चालवण्याच्या बोलीवर लष्कराकडून घर बांधण्याची परवानगी मिळवली. १८५१ मध्ये डकोटांकडून पश्चिमेकडचा मुलूखही घेतला गेला. राखीव हद्द अधिकृतपणे खुली होण्याआधीच लोक तिथे घुसले आणि मिनियापोलिस उभे राहिले.

उशिरा वसलेला हा काठ पुढे गेला, तो पाण्याच्या चोख व्यवस्थेमुळे. १८५६ मध्ये दोन्ही काठांवर पाण्याची ताकद विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. पूर्वेची भांडणांत अडकली. पश्चिमेच्या कंपनीने कालवा खणून गिरण्यांना पाणी भाड्याने दिले. १८७२ मध्ये दोन्ही गावे एक झाली, तेव्हा नाव पश्चिमेचेच राहिले.

धबधबा मात्र हावेपायी जाण्याच्या बेतात होता. वर चुनखडीचा पातळ थर, खाली ठिसूळ वालुकाश्म. त्यातून खणलेला बोगदा १८६९ मध्ये कोसळला. लष्करी अभियंत्यांनी भूमिगत भिंत आणि लाकडी उतरण बांधून कडा सावरला.

पिठाचे वैभव त्यानंतरचे. तिथला वसंती गहू कडक; दळताना त्याचा कोंडा भुगा होऊन पीठ काळपट पडे. १८७० नंतर रव्यातला कोंडा वाऱ्याने उडवणारे यंत्र आले आणि याच गव्हाचे पांढरे पीठ देशभर खपू लागले. पिठाची हवेत तरंगणारी धूळ पेट घेते, हे २ मे १८७८ रोजी दिसले : वॉशबर्न ए गिरणी स्फोटात उडाली, १८ कामगार ठार झाले. १८८० मध्ये तीच गिरणी धूळ खेचणाऱ्या यंत्रणेसह पुन्हा चालू झाली. त्या वर्षापासून सुमारे १९३० पर्यंत पीठ दळण्यात मिनियापोलिस अमेरिकेत पहिले होते.