वर्षाला सव्वा पोळी

एका मध्यम पोळीला तीसेक ग्रॅम कणीक लागते. शंभर ग्रॅम कणकेत ग्लुटेन हे प्रथिन साधारण ९ ग्रॅम असतं. म्हणजे एका पोळीत झालं २.७ ग्रॅम, मिलिग्रॅममध्ये सांगायचं तर २,७००. आता सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार असलेल्या माणसाचा हिशोब बघा. दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चुकून पोटात गेलं, तर बहुतेक रुग्णांचं आतडं ते सोसतं. ३६५ दिवसांची बेरीज होते ३.६५ ग्रॅम. सव्वा पोळी आणि वर एक घास! तीही एका पंगतीत नाही, वर्षभरात कणाकणाने विभागून. आणि हा खायचा कोटा नव्हे, कितीही जपलं तरी होणाऱ्या चुकांसाठी सोडलेली जागा आहे.

लग्नाकार्यात आग्रह करणारी मंडळी म्हणतात, “अगं, एक घास खा पुरणपोळीचा, एवढ्याशाने काय होतंय!” साध्या पोळीचे बारा घास धरले, तरी एका घासात सव्वादोनशे मिलिग्रॅम ग्लुटेन येतं. बावीस दिवसांच्या चुकांची जागा एका घासात संपली.

ही १० मिलिग्रॅमची रेघ कुणी अंदाजाने मारलेली नाही. इटलीत ४९ रुग्णांना ९० दिवस रोज एक कॅप्सूल देण्यात आली. काहींच्या कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम ग्लुटेन होतं, काहींच्या ५०, काहींच्या काहीच नाही. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रोजच्या ५० मिलिग्रॅमने तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तराची झीज दिसू लागली. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती? अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना पोळपाटावर भुरभुरतो त्या पिठीची एक चिमूट याहून जड भरेल.

एवढ्याशाने एवढं का व्हावं? ग्लुटेन हे काही विष नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतली ही प्रथिनं बाकीच्या जगाला निमूट पचतात, किंवा खरं तर पूर्ण पचत नाहीत आणि तरी काही बिघडत नाही. २००२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ग्लुटेनमधला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा शोधून काढला. त्या ३३ पैकी १३ जागांवर प्रोलिन हे एकच अमिनो आम्ल बसलेलं आहे, आणि प्रोलिनची अशी दाटी असली की आपल्या पाचकरसांना तो तुकडा तोडता येत नाही. सीलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या न तुटलेल्या तुकड्याला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडताना स्वतःच्याच आतड्यावर हात टाकते. एकदा ओळख पटली की पेशी ती विसरत नाहीत. पुढच्या वेळी त्यांना जागं करायला चिमूट पुरते.

हल्ला होतो ती जागाही बघण्यासारखी आहे. लहान आतड्याचं आतलं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं असतं, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या दोन संशोधकांनी ते नव्याने मोजलं, तेव्हा भरलं ३० चौरस मीटर. मुंबईकराच्या भाषेत सव्वातीनशे चौरस फूट, झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या घराच्या जवळपास. एवढी जागा पोटात मावते ती बोटांसारख्या उभ्या राहिलेल्या बारीक उंचवट्यांमुळे. त्यांना व्हिली म्हणतात. प्रत्येकाची उंची अर्धा ते एक मिलिमीटर, आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये असे वीस ते चाळीस. नखाएवढ्या जागेत दोन ते चार हजार! व्हिली आणि त्यांच्या पेशींवरचे त्याहून सूक्ष्म धागे मिळून आतड्याचं क्षेत्रफळ ६० ते १२० पट वाढवतात.

सीलिॲकमध्ये हे उंचवटे आखूड होत होत सपाट होतात. सगळं आतडं एकदम जात नाही. जास्त मार बसतो तो वरच्या टोकाला, आणि नेमकं तिथेच लोह शोषलं जातं. म्हणून कित्येक रुग्णांची पोटाची तक्रार नावालाच असते. डॉक्टरकडे ते येतात वर्षानुवर्षं गोळ्या खाऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन घेऊन, नाहीतर आईवडील येतात उंची खुंटलेलं मूल घेऊन.

भारतातले आकडे तर आणखी चक्रावून टाकणारे आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,३३१ निरोगी प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत हजारी ८.५३ जणांना सीलिॲक निघाला, ईशान्येत ४.६६ जणांना, दक्षिणेत ०.११. सोप्या भाषेत, उत्तरेत सुमारे ११७ जणांमागे एक आणि दक्षिणेत नऊ हजारांमागे एक. सत्याहत्तर पटींचा फरक. या आजाराला लागणारी जनुकं तरी दक्षिणेत कमी असतील? तर तेही नाही. उत्तरेत ती ३८.१ टक्के लोकांत होती, दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत. ठळक फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. ४५५ ग्रॅम गव्हात ग्लुटेन होतं ४१ ग्रॅमच्या घरात, रुग्णाला सोसणाऱ्या मात्रेच्या चार हजार पट. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. पण भाकरीवरून पोळीवर आलेल्या आपल्या घरांनी हे आकडे दुसऱ्यांचे समजू नयेत.

इथे कुणीही म्हणेल की मग आपल्याला काय कठीण आहे? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत मुळात ग्लुटेन नाही. उपासाचं अख्खं ताट आणि रोजची भाकरी, दोन्ही चालतात. खरं आहे. पण धान्यात ग्लुटेन नसणं आणि पिठात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नको, असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय मानक तेच आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचंही तेच. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. किलोभर ज्वारीत दाणे असतात तीसेक हजार. त्यात गव्हाचे सहा दाणे मिसळले की पीठ नियमाबाहेर गेलं. तीस हजारांत सहा! निवडायला बसलेल्या माणसाने सुपातून डोळा काढायचा नाही.

आणि निवडून झालं की दळण जातं गिरणीत. आपल्याकडे बायका गिरणीवाल्याला बजावून सांगतात, “गव्हावर गहूच टाका हं.” कारण आधीच्या दळणाचं पीठ चक्कीत आणि खालच्या कापडी पिशवीत राहतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. समजा गव्हानंतर पाच किलो ज्वारी टाकली आणि आत दहा ग्रॅम कणीक अडकलेली होती. त्यात ग्लुटेन ९०० मिलिग्रॅम. पाच किलोला चालणार होतं १००. नऊ पट! वर्षभर भाकरी खाऊनही एखाद्या रुग्णाच्या रक्तातला, हा आजार दाखवणाऱ्या अँटिबॉडीचा आकडा खाली येत नाही, तेव्हा पहिली चौकशी दळणाची करावी. म्हणून अशा घरात घरघंटी येते आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही.

स्वयंपाकघरातल्या बाकीच्या वाटा अशाच बारीक आहेत. थालिपीठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, पण हिंग घातला म्हणजे गहू खाल्ला असं कुणी धरत नाही. सोया सॉसमध्ये गहू. खपली गहू पचायला हलका म्हणून महाग विकला जातो, पण सीलिॲकला तोही गहूच.

दिवसाला तीन वेळा खाणं धरलं तर वर्षाला १,०९५ जेवणं होतात. शंभरातली नव्याण्णव जेवणं बिनचूक सांभाळली, तरी वर्षात अकरा चुका उरतात. महिन्याला जवळपास एक. परीक्षेत नव्याण्णव टक्के मिळवणाऱ्याचे पेढे वाटतात. इथे नव्याण्णव टक्के पुरतीलच असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० साली प्रौढ रुग्णांचे आकडे मांडले. पथ्य सुरू झाल्यावर दोन वर्षांत ३४ टक्क्यांचं आतडं पूर्ववत झालं होतं, पाच वर्षांत ६६ टक्क्यांचं. अपुऱ्या सुधारणेमागे न पाळलेलं पथ्य हे एक मोठं कारण निघालं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली गव्हाकडे बोट दाखवलं, त्याला पाऊणशे वर्षं झाली. उपचार अजून पथ्याचाच आहे, गोळी निघालेली नाही.

एक इशारा मात्र आवर्जून द्यायला हवा. संशय आला म्हणून आधी गहू सोडू नये. रक्ततपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी, दोन्ही गहू खाल्ला जात असतानाच खरं बोलतात. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावं. त्यांच्यातलं प्रमाण इतरांच्या कित्येक पट आहे, सात-आठ टक्क्यांच्या आसपास.

हे सगळे आकडे घाबरवणारे वाटतील, पण एक आकडा रुग्णाच्या बाजूचा आहे. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवं होतं. वर्षाला निदान सत्तर वेळा शरीर ते पुन्हा उभारायला घेतं, कुणी न सांगता. दर वेळी आडवी येते ती अर्ध्या ग्रॅमची चिमूट. ती अडवणं हे एकट्या रुग्णाचं काम नाही. दळण आणणाऱ्याचं आहे, पोळपाट धुणाऱ्याचं आहे, आणि ताटात वाढताना आग्रह करणाऱ्याचं तर सगळ्यात आधी आहे.