औषध आणि पथ्य

औषधाबरोबर पथ्य सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्यांतील काही पथ्ये केवळ रूढीने चालत आलेली असली, तरी काहींच्या मुळाशी रसायनशास्त्राचा भक्कम आधार असतो. चीज आणि विषण्णतेच्या विकारावरील काही औषधे यांचा विरोध हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

क्षयावर इप्रोनियाझिड हे औषध देऊ लागल्यावर रुग्णांची वृत्ती प्रफुल्लित होते, असे १९५२ च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले. पुढे ह्या जातीची औषधे विषण्ण रुग्णांस देण्यात येऊ लागली. परंतु त्यांपैकी काहींचे डोके एकाएकी असह्य दुखे व रक्तदाब भयंकर वाढे. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवे. आपल्या पत्नीस हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो, असे इंग्लंडमधील एका औषधतज्ज्ञाने पत्राने कळविले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल ह्या तरुण डॉक्टरने त्या सूचनेचा पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये हा संबंध प्रसिद्ध केला.

त्याचे कारण असे. चीज मुरत असता त्यातील जीवाणू टायरामीन हे द्रव्य तयार करतात. आपल्या आतड्यात व यकृतात मोनोॲमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ते टायरामिनाचा वाटेतच नाश करते. उपरोक्त औषधे नेमके ह्याच विकराचे कार्य बंद पाडतात. मग टायरामीन रक्तात शिरते, मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरॲड्रेनॅलिन मोकळे करते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो. याला सुमारे १० मिलिग्रॅम टायरामीनही पुरे होऊ शकते. औषध थांबविल्यावरही शरीरात नवे विकर तयार होईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, पथ्य पाळावे लागते. ताज्या पनीरात मात्र टायरामीन अत्यल्प असते.

ही औषधे आता क्वचितच दिली जातात. पण इप्रोनियाझिडचे सजातीय आयसोनियाझिड हे भारतात क्षयावरील उपचारांचे एक प्रमुख औषध आहे. हिस्टामीन ह्या द्रव्याचा नाश करणाऱ्या विकरास ते अडविते. कुपा, बांगडा यांसारखे मासे वेळीच बर्फात न ठेवल्यास त्यांत हिस्टामीन साठते, आणि मासे शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. असे मासे खाल्ल्यावर आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णाचा चेहरा लालबुंद होतो, डोके दुखते, छातीत धडधडते. श्रीलंकेतील वैद्यकतज्ज्ञांनी १९७७ मध्ये अशा रुग्णांची नोंद केली आहे.

अशा वेळी रुग्ण औषधास दोष देतो व ते सोडून देतो. हाच खरा धोका होय. क्षयाचे औषध मध्येच सोडल्यास रोग बळावतो आणि जंतू औषधास दाद देईनासे होतात. म्हणून त्रास होताच डॉक्टरांस गाठावे, काय खाल्ले ते सांगावे आणि कोणते अन्न टाळावे ते विचारून घ्यावे. अन्न बदलता येते. औषध आपल्या मनाने थांबवू नये.